लायटरच्या सॉकेटवर आईचा प्रवास

३ फेब्रुवारी, सोमवार

सॉकेट मेलंय!

गाडीतलं, लायटरचं. आईचं ऑक्सिजनचं मशीन लावलं, हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. काढून परत घातलं, फुंकर मारली, पिन गोल फिरवून बघितली — ढिम्म. बाबा असते तर डॅशबोर्डवर टिचकी मारून म्हणाले असते, "रुसलंय." त्यांच्या लेखी गाडीत काही बिघडत नसेच, नुसतं रुसत असे.

आणि सकाळी डॉक्टरांकडे मी मोठ्या ऐटीत सांगून आले होते. ते म्हणाले, "प्रवासाला माझी हरकत नाही. घरी बसल्या जागी थोडा वेळ नळी काढली तर चालेल, पण वाटेत ती नाकातून काढायची नाही आणि मशीन बंद पडू द्यायचं नाही. त्याची स्वतःची बॅटरी दोन-अडीच तास जाते, तुमचा रस्ता दिवसभराचा. गाडीत लावायची सोय आहे ना?" मी म्हटलं, आहे. अशा थाटात, की जणू आमच्या गाडीत वीज केंद्रच बसवलंय.

जायचं तर आहेच. मावशीचे डोळे चाललेत. एक गेलाच, दुसऱ्यानं कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही किती दिवस ते कुणी सांगत नाही. फोनवर आईला म्हणाली, "ताई, तुझं तोंड एकदा नीट बघून घेते. मग अंधार झाला तर होऊ दे." ती स्वतः येऊ शकत नाही. गाडीत बसलं की लहानपणापासून ओकाऱ्या, आणि आता तर तिच्या कमरेनंही हात टेकलेत. तेव्हा आईनंच जायचं. सहा वर्षं दोघींची भेट नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी निघायचं ठरलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन. त्याला सॉकेटचं सांगायलाच नको होतं.

"तो खटारा अजून ठेवलायस कशाला मुळात? अँब्युलन्स कर. त्यात सगळं असतं. मी बघतो काय ते."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "अँब्युलन्समधून उतरले तर तिला वाटेल मी मरायलाच आलेय. आधीच घाबरट आहे ती." आणि फोन ठेवून दिला. दादाचं पुढचं वाक्य फोनमध्येच राहिलं.

दादा वाईट नाही. लांब राहतो, त्यामुळे त्याला सगळं सोपं दिसतं. गाडी विकायचंही तो दर सहा महिन्यांनी काढतो. मी हूं म्हणते आणि विषय बदलते.

मशीनच्या दुकानात जोड बॅटरीचं विचारलं. महिनाभर तरी मिळणार नाही म्हणे. मावशीच्या डोळ्यांना महिनाभर थांबा म्हणून कोण सांगणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी उगाचच गाडीत जाऊन बसले. सॉकेटमध्ये बोट घालून बघितलं. (वीज नव्हतीच, पण बाबा ओरडले असते.)

ही गाडी आली तेव्हा मी अकरा वर्षांची. बाबा शिलाई मशीनचे फिरते विक्रेते होते, कंपनीनं जुनी झाली म्हणून काढली ती त्यांनी घेतली. लायटर होता तेव्हा, लाल होणारा. बाबा सिगरेट ओढत नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी तो उपटून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि आम्हा दोघांना त्या भोकाशी बोलावलं. "हे बघा. इथं वीज आहे. घरात जे जे चालतं, ते ते इथं चालवून दाखवतो." बाबांना असलं काही सुचलं की आई आत निघून जायची.

आणि चालवलं त्यांनी! आधी एक काळा पंखा, जेमतेम ताटलीएवढा, जो फक्त बाबांच्याच मानेला वारा घालायचा. मग टेपरेकॉर्डर. मग तो छोटा टीव्ही, ज्यात मुंग्या जास्त आणि माणसं कमी दिसायची. एकदा तर कामावरचं शिलाई मशीनच जोडू बघत होते. ते घरघरलं, एक टाका घातला आणि सगळी गाडी गप्प झाली.

पण वायरी सगळ्या आखूड. मागच्या सीटपर्यंत एकही पोचायची नाही. त्यातून आमच्या घरचा नियम निघाला — ज्याची वायर, तो पुढे! ज्याची वस्तू सॉकेटला लावलीय, त्यानं ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं. बाकीच्यांनी मागे. यावर अपील नाही. मग काय, मी आणि दादा लावायला वस्तू शोधत सुटायचो. दादानं पंधराव्या वर्षी दाढीचं मशीन आणलं, गालावर एक केस नसताना. लावलं आणि शहर ओलांडेपर्यंत गुळगुळीत गालावरून फिरवत बसला, मागे वळून वळून माझ्याकडे बघत.

माझा डाव त्याच्यावरचा होता. आम्ही घर बदललं तेव्हा माझे मासे बादलीतून न्यायचे होते. बाबांनी एका बारक्या मोटारीला नळी जोडून सॉकेटवर हवेचा पंप केला. नव्या घरापर्यंत बादली माझ्या मांडीत, पाण्यात बुडबुडे, आणि मी पुढे राणीसारखी. मागे दादा फुरंगटून. एकही मासा मेला नाही. बाबा ते पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत.

आत्ता आईच्या खोलीतून मशीनची फुस्... फुस् ऐकू येतेय. तशीच बारीक आवाजाची होती ती मोटार. बाबा हवे होते. त्यांनी एका तासात काहीतरी खटपट केली असती, आणि ती चालली असती. फार आठवण येते.

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रींनी स्टीअरिंगखालचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि हसायलाच लागले.

"मॅडम, हे कुणी केलंय?"

फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी होती. गुंडाळी करून, नीट दाबून बसवलेली. फ्यूज उडाला की माणूस नवा फ्यूज आणतो. आमच्या वडिलांनी चॉकलेट आणलं! चॉकलेट बहुतेक मीच खाल्लं असणार. इतक्या वर्षांत चांदी काळी पडली, टेकेनाशी झाली, म्हणून सॉकेट मेलं.

"वडिलांनी," मी म्हटलं.

"गाडी पेटली नाही, हे त्यांचं नशीब."

मला हसूही आलं आणि रागही आला. बाबांचा. आम्हा तिघांना घेऊन ते त्या चांदीवर कुठे कुठे हिंडले. आठवणीत सगळं कसं गोड असतं, आणि उघडून बघावं तर आत हे. मी मिस्त्रींना म्हटलं, साधा नवा फ्यूज बसवा. ते म्हणाले, तुमचं मशीन जास्त वीज ओढतं, ही जुनी वायर बारीक आहे, मोठा फ्यूज घातला तर वायरच तापेल. मग त्यांनी बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज, सॉकेटही नवं. दुपार गेली. मी स्टुलावर बसून बघत होते. नवं सॉकेट काळं चकचकीत, त्याला झाकणसुद्धा आहे.

घरी आल्यावर वाटलं, ती चांदी मागून घ्यायला हवी होती. फोन केला तर म्हणाले, कचरा गेला मॅडम.

९ फेब्रुवारी, रविवार

आज रंगीत तालीम. आणि फजिती.

आईला हळूहळू खाली आणलं, पुढे बसवलं, मशीन तिच्या पायाशी, पिन सॉकेटमध्ये. हिरवा दिवा! फुस् चालू. म्हटलं, दोन तास बसून बघू, टिकतं का. घरून उशी आणली, थर्मास आणला. किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावला. इंजिन बंद. बाबांची शिकवण! उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गुन्हाच. "पेट्रोल काय झाडाला लागतं?" रेडिओ, पंखा, टीव्ही, सगळं बॅटरीवर. मग घरी निघायच्या वेळी आम्ही सगळे धक्का मारायला. मला वाटायचं, सहल म्हटली की शेवटी धक्का असतोच, सगळ्यांच्याच घरी.

तर आम्ही मायलेकी बसलो. आईनं हात पुढे करून काचेला लावला, सीट मागेपुढे करून बघितली.

"इथून सगळं दिसतं की."

"म्हणजे?"

"रस्ता दिसतो पूर्ण. मागून तुमच्या दोघांची नाहीतर ह्यांची टाळकीच दिसायची."

मी म्हटलं, "तू कधी पुढे बसलीच नाहीस?"

"माझ्याकडे लावायला काय होतं?"

सहज म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. तीस वर्षं! टोपली मांडीवर घेऊन, मागे, डाव्या बाजूला. कपडे, अंडी, केळी, ओकारीच्या पिशव्या सगळं तिच्याकडे. आम्ही दाढीची मशीनं आणि मासे घेऊन पुढे. आणि त्या नियमाला मी परवा इथं किती कौतुकानं लिहिलंय. वाचून लाज वाटली.

मग अर्थातच बॅटरी उतरली. दोन तास कसले, त्याच्या आतच. किल्ली फिरवली तर नुसतं टक्. शेजारच्या घरचे दोघे बापलेक आणि समोरचा निवृत्त पोस्टमन धक्का मारायला आले. आई आत बसून, नाकात नळी, काचेतून सगळ्यांना हात करत होती. इतकी हसली की मशीनची फुस् फुस् वाढली. मी घाबरले. ती म्हणाली, "घाबरू नकोस. हसल्यानं कुणी मरत नाही."

मिस्त्रींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मशीन लावलं की इंजिन चालू ठेवायचं. हे मी सांगायला हवं होतं का?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांकडे रजा मागितली. आमच्याकडे कवळ्या बनवतात, आणि सध्या दातांचा सुगीचा काळ आहे — ट्रेमध्ये सात जबडे वाट बघत बसलेत. मालक म्हणाले, "परत कधी?" मी म्हटलं, "बुधवारपर्यंत नक्की." ते म्हणाले, "जा, आईला भेटवून आण. जबडे कुठे पळून जात नाहीत."

दिवसभर एका म्हाताऱ्या बाईचे खालचे दात बसवत होते. मेणात एकेक दात टेकवताना डोक्यात एकच. रस्त्यात मशीन थांबलं तर? डोंगरात? जिथं फोन लागत नाही तिथं? आई माझ्याशेजारी निळी पडतेय आणि मी गाडी चालवतेय, असं चित्र सारखं समोर. एक दात उलटा बसवला. वितळवून परत बसवला.

दादाला हे सांगितलं नाही. तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. आणि खरंच, आईला काही झालं तर तो आयुष्यभर बोलणार नाही माझ्याशी. मीही बोलणार नाही माझ्याशी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी आई खुर्चीत बसली होती तेवढी दहा मिनिटं एकटीनंच गाडी काढून मशीन लावून फिरवली. इंजिन चालू, मशीन चालू. काही झालं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मावशीचा फोन तीनदा. "निघालात का?" अगं, उद्या! "हो हो, उद्या." आईनं केस धुतले, माझ्याकडून रंगवून घेतले. "तिला दिसणार आहे का काळे-पांढरे," मी म्हटलं. "मला दिसणार आहे ना," म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोचलो!

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. हात अजून स्टीअरिंग धरल्यासारखे वळलेत.

सकाळ छान गेली. आई पुढे, नवी शाल, गॉगल. हो, बाबांचा गॉगल! रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. मधेच म्हणाली, "त्या वळणावर ह्यांनी एकदा टायर बदललं होतं, आणि जॅक विसरून आले." बाबांची प्रत्येक फजिती तिला जागेसकट पाठ. मला वाटायचं ती मागे झोपलेली असायची.

पेट्रोल पंपावर वांधा झाला. पंपवाला म्हणाला, इंजिन बंद करा. मी म्हटलं, आई मशीनवर आहे. तो म्हणाला, नियम आहे, बंद केल्याशिवाय पेट्रोलची नळी लावणार नाही. बरोबरच होतं त्याचं. बंद केलं. तेवढा वेळ मशीन स्वतःच्या बॅटरीवर चाललं आणि मी श्वास धरून उभी. टाकी भरली. किल्ली फिरवली — लागली गाडी! मी त्याला इतकं हसून धन्यवाद दिले की तो बिचारा मागे सरकला.

मग डोंगराचा रस्ता. खड्डे. एका खड्ड्यात सगळी गाडी उडाली, आणि पुढच्याच वळणावर मशीन टी-टी-टी करायला लागलं. समोरून ट्रक. डावीकडे दरी. थांबायला जागा नाही. मला नुसतं ओरडता आलं, "आई!" तिनं खाली वाकून बघितलं. "काही नाही, पिन सैल झालीय," म्हणाली, आणि तळव्यानं दाबली. टी-टी थांबलं. हात सोडला की परत टी-टी. मशीनच्या स्वतःच्या बॅटरीवर उरलेला रस्ता निभला नसता, मग तिनं हात काढलाच नाही. डोंगर उतरेपर्यंत आई एका हातानं स्वतःचं मशीन सॉकेटमध्ये दाबून धरून बसली होती. मी म्हणत होते, दुखत असेल, थांबूया. "तू रस्ता बघ. हे माझं काम आहे."

खाली सपाटीला गाडी उभी करून मी रडले. दोनच मिनिटं. तिनं मला केळं दिलं.

दारात मावशी उभी होती, भलत्याच दिशेला तोंड करून. आई म्हणाली, "इकडे गं, येडे." मावशीनं तिला हाताला धरून खिडकीशी नेलं, उजेडात उभं केलं, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघत राहिली. कपाळ, नाक, नळी, हनुवटी. बराच वेळ. आई हललीसुद्धा नाही. मग मावशी म्हणाली, "केस रंगवलेस होय गं!"

१७ फेब्रुवारी, सोमवार

मशीन भिंतीच्या प्लगला. गाडी अंगणात.

वरच्या मजल्यावर एक नर्स भाड्यानं राहते. खाली येऊन आईचं बोट चिमट्यात धरून ऑक्सिजनचा आकडा बघून गेली. "प्रवास करून आल्यात असं वाटत नाही," म्हणाली. मला घरी एवढा चांगला आकडा कधी दिसला नव्हता.

दोघी सकाळपासून बोलताहेत. मी चहा करायला उठले तर दोघी एकदम, "तू बस!" आई उठली. घरी मी तिला उठू देत नाही. इथं नळी फरफटत स्वयंपाकघरात गेली, मावशी मागून नळी उचलून धरून, अडखळू नये म्हणून. एकीला दम नाही, एकीला दिसत नाही. चहा झाला. साखर दोनदा पडली होती. आईनं माझ्यासमोर सगळा पिऊन टाकला.

दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर — "गाडी ठीक?" वाचून हसले. मग म्हटलं, त्याचीही आहेच ती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

दुपारी बाहेरच्या खोलीत पडले होते. आत दोघींची कुजबुज, मग खुसखुस, मग आई जोरात हसली. नऊ तारखेला गाडीत हसली होती तशी. कशावर हसताहेत कळेना. उठून दारात गेले. "काय झालं?" मग मावशी म्हणाली, "काही नाही गं, जुनं आहे. तुझ्या जन्माआधीचं." आईनं तोंडावर पदर धरला होता आणि खांदे हलत होते. मी परत येऊन पडले.

मत्सर वाटला. स्पष्ट लिहिते, मत्सर. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्या गोळ्या, तिचे आकडे, तिची झोप, सगळं मला पाठ. पण ती हसते कशावर, हे मला माहीत नाही. गाडीत मागे बसले तरी माझं लक्ष पुढच्या सीटवरच असायचं ना.

संध्याकाळी मशीनचा गाडीतला चार्जर तपासला. सैल पिनीला चिकटपट्टीचा एक वेढा दिला, आता घट्ट बसते. उद्या लवकर निघायचं. जबडे वाट बघताहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मशीन पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलं, पिन लावली, इंजिन चालू करून आईला आणायला आत गेले. ती पलंगावर बसूनच होती, साडी बदललेली नाही. शेजारी मावशी, आईचा हात धरून. आई म्हणाली, "मी येत नाहीये. इथंच राहते. कालच ठरलं आमचं. वरच्या नर्सलाही विचारलंय." मी म्हटलं, "मी काय कमी केलं?" म्हणाली, "काही नाही गं. तुझ्यासारखं कुणी करत नाही. पण तुझ्याकडे मी पेशंट असते. इथं मी ताई आहे."

मी गाडीशी गेले, इंजिन बंद केलं. मशीन काढून आत आणलं आणि तिच्या उशाशी भिंतीच्या प्लगला लावलं.